विज्ञानाला रंग नसतो म्हणे!

लेकशोअर काकू:
काल इथे एकांनी शिकागो सहलीचे फोटो टाकले. सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियम, जर्मन पाणबुडी, कोळशाची खाण, सगळं झकास. आणि शेवटी ही पिंक: "मध्येच कृष्णवर्णीयांच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. सायन्सच्या म्युझियममध्ये याचं काय काम? विज्ञानाला रंग नसतो. उगाच पोरांच्या डोक्यात भेद भरायचे." खाली अंगठ्यांची ही रांग! उत्तर लिहायला घेतलं ते मूळ पोस्टच्या चौपट झालं, म्हणून वेगळा धागा.

आधी ती इमारत बघा. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनातलं ते कलादालन. बाकीच्या बहुतेक इमारती प्लॅस्टरच्या, सहा महिन्यांच्या शोभेच्या. हिच्यात महागडी चित्रं टांगायची म्हणून आत पक्कं वीटकाम, त्यामुळे ही टिकली. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, तेवढं आपल्याला तोंडपाठ. पण त्याच प्रदर्शनाच्या कारभारात कृष्णवर्णीय अमेरिकनांना जवळपास शिरकाव नव्हता. फ्रेडरिक डग्लस, अख्ख्या देशात गाजलेला वक्ता, बसला कुठे? हैतीच्या मंडपात. कारण हैतीने त्याला आपला प्रतिनिधी नेमलं, स्वतःच्या देशाने नाही. त्याने आणि पत्रकार आयडा वेल्सने पुस्तिका काढली, कृष्णवर्णीय अमेरिकन माणूस या प्रदर्शनात का नाही ते सांगणारी, आणि तिथेच वाटली.

त्याच इमारतीत १९३३ ला हे म्युझियम उघडलं. १९७० पासून तिथे हे प्रदर्शन भरतं, आधी 'ब्लॅक एस्थेटिक्स' म्हणून, आता 'ब्लॅक क्रिएटिव्हिटी' म्हणून. म्हणजे कालपरवा कुणाच्या डोक्यातून उगवलेलं खूळ नव्हे.

राहिला रंग. शिकागोच्याच पर्सी ज्युलियनचं घ्या. डॉक्टरेट व्हिएन्नाहून, १९३१ ची. १९३५ ला काचबिंदूवरचं फायसोस्टिग्मिन प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. विस्कॉन्सिनमधल्या ॲपल्टनला नोकरी मिळत होती, पण त्या गावात कृष्णवर्णीयाने रात्री मुक्काम करायचा नाही असा नियम. मग ग्लिडन कंपनीच्या शिकागोतल्या विभागात आला आणि सोयाबीनपासून हॉर्मोन्स काढायला लागला, पिंपाने. १९५० साली ओक पार्कला घर घेतलं. कुटुंब राहायला जायच्या आत थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ते पेटवायचा प्रयत्न झाला. पुढच्या जूनमध्ये डायनामाइट फेकलं, तेव्हा मुलं घरात होती. देशातल्या नावाजलेल्या केमिस्टपैकी एक माणूस रात्री बंदूक घेऊन स्वतःच्या अंगणात राखणीला बसायचा. रेणूंना रंग नसेल हो, शेजाऱ्यांना बरोबर दिसत होता.

नेपरव्हिलचा नाना:
काकू, पिंक टाकणारा मीच. "एकांनी" कशाला, नाव घ्या की.

तुम्ही माझा मुद्दा सोयीने वळवलात. ज्युलियन मोठा माणूस, मान्य. मग लावा ना त्याला केमिस्ट्रीच्या दालनात, बाकीच्यांच्या ओळीत, बाराही महिने! साधारण जानेवारी-फेब्रुवारीत दालन उघडायचं, एप्रिलच्या सुमाराला गुंडाळायचं, आणि उरलेलं वर्ष जैसे थे. हा सन्मान की राखीव डबा? शिवाय त्यांचं स्वतःचं ड्यूसेबल म्युझियम जवळच आहे, १९६१ पासून. तिथे कुणी अडवलंय?

आणि आता विषय निघालाच आहे तर बोलतो. माझ्या मुलीला मार्क, व्हायोलिन, स्वयंसेवा सगळं असून हव्या त्या विद्यापीठाने नाकारलं. तिच्याहून कमी गुण असलेल्यांना मिळालं. तेव्हा रंग नको म्हणणाऱ्यांना लगेच खलनायक करू नका. २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानेही विद्यापीठ प्रवेशाबाबत तेच सांगितलं.

धोंडी चंप्या:
"राखीव डबा". आलं बाहेर पोटातलं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

लेकशोअर काकू:
नाना, मुलीचं वाईट वाटलं, खरंच. पण चित्रांच्या प्रदर्शनावर तो राग काढून सीट मिळणार आहे का?

आणि तुम्ही नेपरव्हिलमध्ये आहात ते कुणाच्या जिवावर? १९४६ च्या कायद्याने भारताला कोटा किती होता ठाऊक आहे? वर्षाला १००. अख्ख्या देशाला. तो फास १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने सुटला, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यात झाला. त्या चळवळीत सेल्मात लाठ्या खाल्ल्या कृष्णवर्णीयांनी, ग्रीन कार्ड आपल्याला.

ड्यूसेबलचं म्हणाल तर तेच तर दुखणं आहे. शाळेच्या बसेस पाणबुडी बघायला येतात, हजारोंनी. ज्याला माहीत नाही त्याला दाखवायचं तर जिथे तो आपणहून येतो तिथेच दाखवायला हवं.

खडूस सर्जन (मिरज):
मी एरवी काकूंच्या बाजूने. पण या असल्या गौरवात जो भोंगळपणा चालतो त्याने माझं डोकं उठतं. दर फेब्रुवारीला, अमेरिकेतल्या ब्लॅक हिस्टरी मंथच्या निमित्ताने, फॉरवर्ड येतो: "जगातली पहिली ओपन हार्ट सर्जरी डॅनियल हेल विल्यम्स यांनी केली." नाही केली! जुलै १८९३, शिकागोचं प्रॉव्हिडंट हॉस्पिटल, जेम्स कॉर्निश नावाचा रुग्ण, बारमधल्या मारामारीत छातीत सुरा. विल्यम्सने छाती उघडली, हृदयाभोवतीचं आवरण शिवलं. हृदयाच्या स्नायूवर बारीक जखम होती, ती तशीच ठेवली, टाका घातला नाही. आवरण शिवण्याचं काम सेंट लुईसच्या डाल्टनने १८९१ मध्येच केलं होतं, आणि हृदयाला प्रत्यक्ष टाका घालून रुग्ण वाचवला तो फ्रँकफर्टच्या रेनने, १८९६ ला. मग "पहिली" कशातली?

तसंच कृष्णवर्णीय शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर आणि पीनट बटरचा शोध. पीनट बटरसारख्या पदार्थाचं पेटंट १८८४ चं, एका कॅनेडियन माणसाचं. कार्व्हर टस्कीगीच्या कॉलेजात शिकवायला गेला १८९६ मध्ये. त्याचं खरं काम कापसाने चोथा झालेल्या जमिनीत भुईमूग घालून नत्र परत आणण्याचं. आमच्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ते बटरपेक्षा जास्त भावेल.

धोंडी चंप्या:
डॉक्टर, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीचं पेटंट अजून सोलापूरकडेच ना? जीव भांड्यात पडला.

लेकशोअर काकू:
डॉक्टर, बारकावे मान्य. पण ऑपरेशन झालं तेव्हा एक्स-रे नव्हता, अँटिबायोटिक नव्हतं, रक्त चढवायची सोय नव्हती, आणि कॉर्निश पुढे वीसेक वर्षं जगला. आणि प्रॉव्हिडंट मुळात निघालं का? एमा रेनॉल्ड्स नावाच्या कृष्णवर्णीय मुलीला शिकागोतली एकही नर्सिंग शाळा घेईना, म्हणून. १८९१ ची गोष्ट. ऑपरेशन झालं त्याच उन्हाळ्यात काही मैलांवर ते प्रदर्शन चालू होतं, डग्लसला हैतीच्या मंडपात बसवणारं.

खडूस सर्जन (मिरज):
अहो तेच म्हणतोय! विल्यम्सने ते हॉस्पिटल काढलं हीच मोठी गोष्ट, तिला "पहिला, पहिला"ची झालर कशाला? खरा सांगण्यासारखा माणूस म्हणजे व्हिव्हियन थॉमस. सुतारकाम करणारा मुलगा, मंदीत कॉलेजचे पैसे बुडाले. सर्जन ब्लेलॉकच्या प्रयोगशाळेत लागला, पगारपत्रकावर सफाई कामगार. हृदयातल्या दोषाने निळ्या पडणाऱ्या बाळांवरच्या ऑपरेशनचं तंत्र यानेच कुत्र्यांवर बसवलं. २९ नोव्हेंबर १९४४, जॉन्स हॉपकिन्स, पहिलं बाळ टेबलावर, आणि ब्लेलॉकच्या खांद्यामागे स्टुलावर उभा राहून हा सांगतोय, टाका इथे, असा नाही, उलट्या बाजूने. शोधनिबंधात नाव? नाही. मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ ला. मी निवासी डॉक्टर असताना आमच्या थिएटरातही एक ड्रेसर होते, त्यांनी धरायला शिकवलेली सुई मी अजून तशीच धरतो. त्यांचं नाव कुठल्या भिंतीवर नाही.

जोशीबाई पुण्याच्या:
"पहिल्या"चं वेड फक्त त्यांनाच आहे का हो डॉक्टर? आपण आनंदीबाईंचं काय करतो? त्यांचं पेनसिल्व्हेनियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज, १८८६. त्याच कॉलेजातून रिबेका कोल १८६७ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडली होती, कॅरोलाइन अँडरसन १८७८ मध्ये. दोघी कृष्णवर्णीय. आनंदीबाईंच्या किती व्याख्यानांत ही नावं ऐकलीत?

बॅरकपूरची सून:
अवांतर, पण राहवत नाही. सासर बंगाली आहे म्हणून नाही सांगत, पण कादंबिनी गांगुलींनीही कलकत्ता मेडिकल कॉलेजातून १८८६ लाच पदवी घेतली आणि त्यांनी प्रॅक्टिस केली, वर्षानुवर्षं. आनंदीबाई बिचाऱ्या फेब्रुवारी १८८७ मध्ये गेल्या, प्रॅक्टिस सुरू करायच्या आतच. तरी "पहिली भारतीय महिला डॉक्टर" आमचीच!

जोशीबाई पुण्याच्या:
बाई, पदवी मार्चमध्ये मिळाली. तारखा बघा आधी. आणि परदेशात एकटीने, शाकाहारी राहून, त्या थंडीत. तुलनाच नाही.

बॅरकपूरची सून:
घरात लहान मुलं ठेवून कॉलेज करणं सोपं होतं का? पुण्याबाहेरही स्त्रिया होत्या, एवढंच सुचवायचं होतं.

जोतीचा लेक:
दोघी भांडताय, आणि रखमाबाईंचं नाव एकीलाही आठवलं नाही. नवऱ्याकडे नांदायला नकार देऊन कोर्टात उभी राहिलेली, लंडनहून डॉक्टर होऊन आलेली, सुरत आणि राजकोटला दशकानुदशकं दवाखाना चालवलेली. सुतार समाजातली. तिच्यावर किती शाळांत धडा आहे? आनंदीबाईंवर मात्र मालिका काय, सिनेमा काय. का ते सांगू की तुम्हीच सांगता?

१८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली ते वाचा. गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बसून त्या माणसाला जे दिसलं ते तुमच्या नानांना नेपरव्हिलात बसून दिसत नाही.

जोशीबाई पुण्याच्या:
आला जातीवर! आनंदीबाई एकविसाव्या वर्षी मेली, क्षयाने. तिचं ब्राह्मण असणं तिला वाचवू शकलं नाही.

जोतीचा लेक:
वाचवू शकलं नाही, पण आठवणीत ठेवायला पुरलं.

नेपरव्हिलचा नाना:
मला मध्ये ओढायचं कारण नाही. मी 'गुलामगिरी' वाचलेली आहे.

जोतीचा लेक:
कधी? ॲडमिशनच्या आधी की नंतर?

संपादक:
दोन प्रतिसाद उडवले आहेत. आडनावावरून बोलाल तर धागा वाचनमात्र करू. आनंदीबाई-कादंबिनी-रखमाबाई हवं तर वेगळ्या धाग्यात घ्या.

कुंचला:
मी चित्रं काढतो, पोटापुरती. एवढा रामायण-महाभारताएवढा धागा झाला, पण नानांची मूळ तक्रार चित्रांबद्दल होती आणि चित्रांवर एक अक्षर कुणी लिहिलेलं नाही. सगळे डॉक्टरच मोजताय!

हे प्रदर्शन १९७० ला का सुरू झालं असेल? तीनच वर्षं आधी, १९६७ ला, शिकागोच्या दक्षिण भागात त्रेचाळिसाव्या रस्त्यावर कलाकारांनी एका मोडक्या इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर नायक रंगवले. वॉल ऑफ रिस्पेक्ट. मुहम्मद अली, माल्कम एक्स, संगीतातले, नाटकातले, सगळे. परवानगीच्या भानगडीत कुणी पडलं नाही, गॅलऱ्या दारात उभं करत नव्हत्या, मग भिंत. १९७१ ला इमारतीला आग लागली, पुढे पाडूनच टाकली. म्हणजे रस्त्यावरची भिंत जात असतानाच शहराच्या सर्वात भारदस्त इमारतींपैकी एकीत भिंत मिळाली होती. रंगवणाऱ्याच्या दृष्टीने याची किंमत वेगळी असते. आणि तिथे परीक्षक निवडतात, सरसकट टांगत नाहीत. हायस्कूलच्या पोरांचीही कामं लागतात. सोळाव्या वर्षी आपलं चित्र पाणबुडीच्या छपराखाली लागणं म्हणजे काय, ते नुसतं "डबा" म्हणणाऱ्याला कळायचं नाही.

एक तक्रार माझीही आहे. असल्या प्रदर्शनांत चित्राला चित्र म्हणून कोणी बघत नाही. वेदना दिसली की टाळ्या. एखाद्याने नुसतं टेबलावरचं कलिंगड काढलं तर लोक त्यातही इतिहास शोधतात. त्याला फक्त लाल रंग लावायचा असू शकतो की नाही?

लेकशोअर काकू:
कुंचला, हे पटलं. म्हणजे निम्मं. कलिंगडाचं उदाहरण मात्र भलत्या ठिकाणी दिलंत, अमेरिकेत कृष्णवर्णीयांना हिणवायला शंभर वर्षं तेच फळ वापरलंय. लाल रंग लावणाऱ्यालाही ते ठाऊक असणारच.

कुंचला:
ठाऊक असून लावायचा असेल तर?

नेपरव्हिलचा नाना:
बरं, सगळ्यांचं झालं असेल तर. भिंतीचं मला माहीत नव्हतं, कुंचला यांनी शांतपणे सांगितलं म्हणून वाचलं. काकूंसारखं अंगावर येऊन नाही. पुढच्या वर्षी पोरांना दालनात नेईन, पाणबुडीनंतर. पण ज्युलियन केमिस्ट्रीत बाराही महिने हवा, हे माझं म्हणणं मी सोडत नाही.

लेकशोअर काकू:
ते म्हणणं सोडा असं मी कधी म्हटलं? तसं पत्र लिहा म्युझियमला. केनेथ ग्रिफिनने साडेबारा कोटी डॉलर दिले तर पाटीवर त्याचं नाव लागलं, २०२४ पासून ग्रिफिन म्युझियम. ज्युलियनचा एक कायमचा फलक त्यात बसायला हरकत नाही. सही मी करते, तुमच्या खाली.

नेपरव्हिलचा नाना:
वर करा. मजकूर मी लिहिणार.

बॅरकपूरची सून:
कादंबिनींचा वेगळा धागा काढला आहे. जोशीबाई, या, तारखा घेऊन.