‘दोन भाषांत थेरपी, सांस्कृतिक भान’ – प्रोफाइलवरचं हे कसं पडताळायचं?

उंबरठा
थेरपिस्ट शोधतोय. निम्म्या प्रोफाइलांवर ‘दोन भाषांत सेवा’ आणि ‘सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील’ असं लिहिलेलं असतं. त्यामागे प्रशिक्षण आहे की नुसतीच घरी बोलली जाणारी भाषा, हे आपण कसं ओळखायचं? पहिल्या फोनवर काय काय विचारलेलं चालतं? आणि सुरुवातीला प्रश्नावली भरून घेतात, ती कोणत्या भाषेत भरावी? दोन्ही भाषा वाचता येतात.

तळटीप
भाषेच्या आधी पाया बघा. पदव्युत्तर शिक्षण क्लिनिकल किंवा समुपदेशन मानसशास्त्रातलं आहे का? परवाना किंवा नोंदणी चालू आहे का? क्रमांक मागा आणि नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या यादीत स्वतः बघा. प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, दोन दिवसांच्या कार्यशाळेचंही प्रमाणपत्र मिळतं. शिकाऊ काळातलं देखरेखीखालचं काम कुठे झालं, हेही विचारा. रुग्णालयाच्या वॉर्डात काम केलेला आणि फक्त शाळेत केलेला, यांचा हात वेगवेगळ्या गोष्टींवर बसलेला असतो.

आता भाषा. ‘तुम्हाला ही भाषा येते का’ असं विचारू नका, उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी विचारा: सध्या या भाषेत किती जणांची सत्रं चालू आहेत? या भाषेतल्या केसेसवर देखरेख कोणाची होती, आणि त्यांना स्वतःला ती भाषा येत होती का? बहुतेकांचं शिक्षण एका भाषेत झालेलं असतं आणि दुसरी घरातली असते. घरातल्या भाषेत गप्पा झकास होतात, पण आत्महत्येचे विचार, लैंगिक अत्याचार, नसलेले आवाज ऐकू येणं याबद्दल तिच्यात सरळ, न अडखळता विचारायची सवय झालेली नसते. मग थेरपिस्ट नेमका तिथेच आडवळणाने बोलतो आणि समोरच्याला वाटतं, हा विषय इथे काढायचा नसतो.

संमतीपत्र आणि गोपनीयतेच्या मर्यादा त्या भाषेत लेखी मिळतात का, हे फोनवरच विचारून घ्या. ज्याचं काम खरंच दोन भाषांत चालतं, त्याच्याकडे हे कागद तयार असतात.

शेवटचा बाक
प्रश्नावलीचं सांगतो. नैराश्यासाठी बऱ्याच ठिकाणी पीएचक्यू-९ देतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल 9 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, कमाल 27. 10 किंवा जास्त आले की नीट तपासणी करायची, असा सर्वसाधारण संकेत आहे. यात 1 गुण ‘काही दिवस’ला आणि 2 गुण ‘निम्म्याहून जास्त दिवस’ला. थेरपिस्टने समोर बसून तोंडी भाषांतर करत विचारलं, की दोन्हींचं ‘बरेच दिवस’ होऊन बसतं. पाच प्रश्नांत असं झालं तर 8 चे 13 होतात. म्हणून त्या भाषेतली छापील, तपासलेली आवृत्तीच मागा आणि पुढच्या वेळीही त्याच भाषेतली भरा, नाहीतर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची तुलनाच लागत नाही. नवव्या प्रश्नाला (मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार) 0 सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, थेरपिस्टने त्यावर तोंडी बोलायलाच हवं.

तपासलेली आवृत्ती म्हणजे भाषांतर, मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट भाषांतर, मग काही लोकांकडून भरून घेऊन त्यांना काय समजलं याची विचारपूस, आणि शेवटी तो 10 चा आकडा त्या लोकांनाही लागू पडतो का याची तपासणी. शेवटची पायरी सर्रास गाळली जाते.

बुद्धिमापन चाचणी असेल तर आणखी सावध. 1980 मध्ये वेल्श-इंग्रजी द्विभाषिकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की वेल्श अंक उच्चारायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे त्या भाषेत कमी अंक लक्षात राहतात. स्मरणशक्ती तीच, गुण वेगळे.

उंबरठा
म्हणजे आपल्याच भाषेतला, आपल्याच समाजातला थेरपिस्ट सगळ्यात बरा?

काठावर
भाषेपुरतं बऱ्याच अंशी हो. 2006 मध्ये 76 अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यात मातृभाषेत दिलेली थेरपी इंग्रजीतल्यापेक्षा साधारण दुप्पट परिणामकारक दिसली. समाजाचं मात्र तसं नाही. ‘आपल्याकडे असंच असतं, कळलं मला’ म्हणत मान डोलवणारा थेरपिस्ट पुढचा प्रश्न विचारत नाही, आणि तुमच्या घरात ते नेमकं कसं असतं हे राहूनच जातं. शिवाय समाज छोटा असला की ओळखीतली ओळख निघते. ती निघाली तर काय करणार, हे आधीच विचारा.

सांस्कृतिक भान कामात कसं दिसतं, तर विचारण्यात. डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकी मार्गदर्शक पुस्तक) सोबत 2013 मध्ये 16 प्रश्नांची एक मुलाखत आली: या त्रासाला तुम्ही घरी काय म्हणता, तो कशामुळे झाला असं वाटतं, घरच्यांना काय वाटतं, आजवर कुठे कुठे मदत घेतली. शेवटी थेरपिस्टने स्वतःबद्दलही विचारायचं असतं, की आपल्या दोघांच्या पार्श्वभूमीत फरक असल्याने गैरसमज होईल अशी काळजी वाटते का. पहिल्या दोन-तीन सत्रांत यातलं काहीच आलं नाही, तर प्रोफाइलवरचा शब्द शोभेचाच समजा.

घरच्यांना सोबत नेत असाल, तर सत्राचा काही भाग एकट्याने मागून घ्या. आणि घरातल्या मुलाला दुभाषा करू नका; आईवडील त्याच्या देखत खरं बोलत नाहीत आणि त्याला नको ते ऐकावं लागतं.

तळटीप
‘दुप्पट’ हा आकडा सरसकट लावू नका. तो गटांवरून निघालेला आहे, एकेका माणसाचं वेगळं असू शकतं. 2003 च्या एका प्रयोगात तुर्की-इंग्रजी द्विभाषिकांना लहानपणी ऐकलेल्या रागावण्याची वाक्यं ऐकवली, तेव्हा पहिल्या भाषेत त्वचेवरची प्रतिक्रिया (भावना उसळली की घामामुळे होणारा, यंत्राने मोजता येणारा बदल) जास्त तीव्र आली. म्हणून काही जण जुन्या जखमेबद्दल आधी दुसऱ्या भाषेतच बोलू शकतात, तिथे धग कमी लागते. चांगला थेरपिस्ट हे चालू देतो, कोणत्या क्षणी भाषा बदलली हे टिपतो आणि नंतर तेच पहिल्या भाषेत सांगून बघायला सुचवतो, जबरदस्ती करत नाही. घरी विचारांची नोंद ठेवायला सांगितली असेल, तर विचार ज्या भाषेत डोक्यात आला त्याच भाषेत लिहा. पुढच्या सत्रात त्या ओळी वाचणाऱ्याला दोन्ही भाषा येतात, हाच तर द्विभाषिक थेरपिस्टचा फायदा.