पुतनीले जीन एडिटिंगमधी जायचं आहे, रस्ता कोनता?

कुरखेडा_धानवाला:
नमस्कार जी. पुतनी बारावी सायन्सले आहे. तिच्या लहान भावाले सिकलसेल, तो रक्ताचा आजार, थंडी पडली का हातपाय असे दुखते त्याचे, रातभर रडते पोट्टं. ते पाहूनच तिनं डोक्यात घेतलं का डॉक्टरकीची नीट परीक्षा नाही देत, त्या जीन एडिटिंगवाल्या शास्त्रज्ञ फेंग झांगसारखं काम करीन. घरचे डॉक्टरकीवर अडून आहेत. त्या मानसानं नेमकं काय शिकलं, कोनाले मालूम आहे का?

लॅबवाली_नागपूर:
दादा, तो डॉक्टर नाहीच. चीनमधला जन्म, अकरा वर्षांचा असताना अमेरिकेत आयोवाला आला, आणि हायस्कूलात असतानाच शाळा सुटली की जीन थेरपीच्या लॅबमध्ये जाऊन हातानं काम करायचा, माझ्या मते खरं बीज तिथंच पडलं. मग हार्वर्डला केमिस्ट्री-फिजिक्स, स्टॅनफर्डला मेंदूशास्त्रज्ञ कार्ल डायसेरॉथकडे पीएचडी. तिथं त्यांनी शेवाळातल्या एका प्रोटीनचा जीन मेंदूच्या पेशीत घातला, निळा उजेड पाडला की तेवढीच पेशी चालू, बटन दाबल्यासारखी! 2005 चा पेपर आहे, मी पहिल्यांदा वाचला तेव्हा झोप नव्हती लागली. 2013 च्या जानेवारीत झांगच्या टीमनं क्रिस्पर, म्हणजे जीन कापून बदलायची कात्री, माणसाच्या पेशीत चालवून दाखवलं. 2020 चं नोबेल मात्र शार्पेंतिये आणि डाउडना या दोघी शास्त्रज्ञांना, त्यांचं क्रिस्परवरचं टेस्ट ट्यूबमधलं काम 2012 चं.

गडचिरोली_आरोग्य:
सिकलसेलवर क्रिस्परचं पहिलं औषध अमेरिकेत डिसेंबर 2023 ला मंजूर झालं, कॅसजेव्ही. त्यात जीनमधलं बिघडलेलं अक्षर दुरुस्त नाही करत, बाळ पोटात असताना जे हिमोग्लोबिन असते ते परत सुरू करतात. किंमत 22 लाख डॉलर, आपल्याकडे कोन देईन एवढे? म्हणूनच दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत देशी थेरपीवर काम चालू आहे, अन् असे लोक आपल्याच भागातून पायजेत, ज्यायनं घरात तो त्रास पाह्यला. तोवर पोराची हायड्रॉक्सीयुरिया, ती सिकलसेलची गोळी, डॉक्टरले विचारल्याशिवाय बंद नका करू, पानी भरपूर पाजा, थंडीत गरम कपडे. पुतनीचीही तपासनी करून घ्या, ती वाहक असू शकते, म्हंजे स्वतःले त्रास नाही पन जीन अंगात.

लॅबवाली_नागपूर:
आयसर, म्हणजे सरकारी विज्ञान संस्था, त्यांची आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यायला लावा तिला, बायोवाल्यांनाही चालते. नीट दिली तरी बिघडत नाही, अभ्यास बराचसा तोच. आणि गणित सोडू नका म्हणावं.

कुरखेडा_धानवाला:
गनित आहे तिच्याकडं. ताई, आज रात्री तिले हे सारं वाचून दाखवतो. तपासनीले दोघा भावंडायले सोबतच नेतो सोमवारी.