आधी 'इतिहास' दाखवा, नियम नंतर

विकीवर, म्हणजे वाचकांनीच मिळून लिहिलेल्या संकेतस्थळावर, संपादन करायला येणाऱ्या नवख्यांना आधी नियमांचं पान वाचायला द्यावं, असं काही जण म्हणतात; मला ते पटत नाही. त्यांना अडवते ती भीती: आपल्या हातून पान बिघडलं तर? दादरला आमच्याकडे भाची आली होती, तिला एका टीव्ही मालिकेच्या विकीवर पानाचा 'इतिहास', म्हणजे त्याच्या जुन्या आवृत्त्यांची यादी, आधी दाखवला. धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) अख्खा परिच्छेद उडवायला लावला, मग 'इतिहास' उघडून तो बदल उलटवला. मजकूर जसाच्या तसा परत! मीडियाविकीत, म्हणजे ही विकी ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक जतन केलेली आवृत्ती वेगळी राहते. मग तिने आपणहून एका पात्राचं चुकलेलं आडनाव सुधारलं, कोणत्या भागात ते ऐकलं हेही बदलाच्या सारांशात लिहिलं.

आणि हो, नवख्याचा बदल उलटवावा लागलाच तर त्याच्या चर्चापानावर (त्याला निरोप ठेवायच्या पानावर) कारण जरूर लिहा. न सांगता उलटवलं की मुलं पुन्हा फिरकत नाहीत.