बंद करून परत चालू, पण नेमकं काय?

एकानं विचारलंय, ‘कणांच्या टकरींचा डेटा घेणारी यंत्रणा अडली की बंद करून परत चालू करायची, त्यात कसली आलीय हुशारी?’

मी हर्णैला बर्फाच्या कारखान्यात पॅनेल सांभाळतो. ऑक्टोबरात विजा कडाडल्या की दहा दिवे एकदम लाल. त्यातला पहिला कुठला पेटला हे कळलं की अर्धं काम झालं. घाबरून सगळंच बंद केलंत, तर सकाळी होडीवाल्यांच्या शिव्या खा.

सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत सीएमएस हा टकरी टिपणारा प्रयोग आहे; त्याचं दुखणं तेच, फक्त वेग अफाट. तिथल्या एलएचसी या कण एकमेकांवर आदळवणाऱ्या यंत्रात दर २५ नॅनोसेकंदांनी (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) प्रोटॉनांचे पुंजके एकमेकांतून जातात. कामाच्या टकरी निवडणाऱ्या पहिल्या चाळणीतून सेकंदाला सुमारे १ लाख घटना, म्हणजे टकरींच्या नोंदी, पुढे येतात. डेटा पुढे नेणारं मधलं एक इलेक्ट्रॉनिक कार्ड अडलं की मागे सगळं तुंबतं आणि नोंदणी ठप्प. गंमत अशी की तुंबलेला दिसतो एक, दोषी दुसराच. (गटार आपलं तुंबतं, पाणी शेजाऱ्याच्या खळ्यात चढतं, तसं.) तिथली ‘डीएक्यू एक्स्पर्ट’ (डीएक्यू म्हणजे डेटा गोळा करणं) ही संगणक प्रणाली तुंबाऱ्याचा माग काढत उगमापर्यंत जाते, आणि शक्य तिथे तेवढाच भाग सावरून नोंदणी पुन्हा सुरू करते. माणूस तज्ज्ञाला फोन लावत बसला, तर तेवढ्या मिनिटांतल्या टकरी कायमच्या गेल्या.

तिचे नियम मात्र माणसांनीच लिहिलेले. अनोळखी बिघाड आला की शिफ्टवाल्यालाच डोकं चालवावं लागतं. आमच्याकडे तर ओळखीच्या बिघाडालाही रात्री अडीचला छत्री घेऊन मीच.