वरणफळांतून माणशी प्रथिनं किती?

झावळी: रात्री भात-आमटीऐवजी वरणफळं केली तर चौघांत प्रत्येकी किती प्रथिनं मिळतील? एकाला मधुमेह आहे. शिवाय फळं (वरणात सोडलेले कणकेचे तुकडे) एकमेकांना चिकटतात, ते का?

खाडीपलीकडे: मोजमाप कच्च्या जिनसांचं धरा. तूरडाळ १५० ग्रॅम, कणीक २००, तेल-तूप मिळून ३०. डाळीतून साधारण ३३ ग्रॅम प्रथिनं, कणकेतून २२. म्हणजे माणशी १४च्या आसपास आणि उष्मांक सुमारे ३६५. गव्हात लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) कमी, डाळीत भरपूर, म्हणून ही जोडी नुसत्या पोळीपेक्षा सरस. मधुमेहींच्या ताटात फळं कमी, वरण जास्त, सोबत काकडीची कोशिंबीर. वर पुन्हा भात वाढू नका!

कुळीथप्रेमी: चिकटतात कारण वरण खळखळत नसतं किंवा आधीच दाट असतं. आमटीहून पातळ ठेवा. फळं पाणी पितात. कणीक घट्ट मळा, चमचाभर तेल घाला, पोळीएवढं लाटून शंकरपाळ्यासारखं कापा. एकेक सोडा, मध्यम आचेवर १०-१२ मिनिटं. जाड लाटलीत तर आत कच्ची राहतात.

आमसुलं डाळ शिजल्यावरच. आधी घातली तर आंबटामुळे डाळ मऊ होत नाही.

झावळी: आणि आमसुलाऐवजी लिंबू?

खाडीपलीकडे: चालेल, पण गॅस बंद केल्यावर, ताटातच पिळा. उकळीत क जीवनसत्त्व बरंच जातं, आणि डाळीतलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते.

कुळीथप्रेमी: तुरीऐवजी कुळीथ घेतलात तर प्रथिनं तेवढीच, कॅल्शियम जास्त. रात्रभर भिजवा मात्र.