हुतात्मा बितात्मा काही नाही, आबिओला लष्कराचाच कंत्राटदार

तिरकस:
१२ जूनला इथे कोणीतरी लिहिलं की नायजेरियाचा एमकेओ आबिओला म्हणजे आफ्रिकेतल्या लोकशाहीचा सगळ्यात मोठा हुतात्मा, मोळ्या विकणारं गरीब पोर जनतेसाठी कैदेत मेलं वगैरे. खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग. डोकं उठलं म्हणून लांबण लावतोय. अहो मोळ्या विकल्या त्या नवव्या वर्षी, पुढे काय विकलं ते पण लिहा की! ग्लासगोला अकाउंटन्सी केली, मग आयटीटी नावाच्या अमेरिकन टेलिफोन कंपनीचा आफ्रिका आणि मध्यपूर्वेचा व्हाइस प्रेसिडेंट, आणि तेव्हा तिथे टेलिफोनचं मोठं गिऱ्हाईक कोण तर लष्करी सरकार. तिथल्या गायक फेला कुटीने आयटीटीची फोड 'इंटरनॅशनल थीफ थीफ' अशी करून गाणंच काढलं होतं. मग कॉन्कॉर्ड पेपर, विमान कंपनी, शेती, फुटबॉलची टीम. स्वतः योरुबा (नैऋत्य नायजेरियातली मोठी जमात) असून योरुबांचा पुढारी आवोलोवो, त्याच्यावर त्याच्याच पेपरने चिखल उडवला. १९८२ ला एनपीएनने, म्हणजे त्याच्याच तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाने, अध्यक्षपदाचं दार बंद केल्यावर पक्ष सोडला. आणि लष्करशहा जनरल बाबांगिडा तर जिगरी दोस्त. त्याच दोस्ताने याने लढवलेली १९९३ ची अध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली तेव्हा साहेबांना लोकशाही आठवली.

जुना लेगोसकर:
तिरकसराव, तुम्ही होतात का तिथे? मी होतो, १९९१ ते ९७, लेगोसच्या इकेजा भागात. १२ जून १९९३ ला आमचा ड्रायव्हर (योरुबा, ख्रिश्चन) पहाटे आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालून मत द्यायला गेला. आबिओला मुसलमान, जोडीचा उपाध्यक्षपदाचा उमेदवार किंगिबे पण मुसलमान, तरी ख्रिश्चनांनी भरभरून मतं दिली. समोरचा बशीर तोफा उत्तरेतल्या कानोचा, तो कानोतच पडला! ८३ लाख विरुद्ध ५९ लाख. अकरा दिवसांनी बाबांगिडाने सगळं रद्द केलं. दोस्त म्हणे.
पुढच्या वर्षी ११ जूनला लेगोस आयलंडवर एपेटेडोला आबिओलाने स्वतःला अध्यक्ष जाहीर केलं आणि आत गेला. जुलैत त्याच्यासाठी तेल कामगारांचा संप. आम्ही पेट्रोलसाठी प्यूजो ५०४ रांगेत लावून रात्री आळीपाळीने गाडीत झोपायचो, मागच्या सीटवर जेरीकॅन, वासाने डोकं भणभणायचं, आणि आमच्या ऑफिसात मात्र जनरेटरच्या डिझेलवरून साहेब लोकांची भांडणं. एवढे हाल होऊन ड्रायव्हर आबिओलाला एक शब्द वाईट बोलला नाही. हे तुमच्या गूगलवर मिळणार नाही.

तिरकस:
तुमचा ड्रायव्हर म्हणजे पुरावा का? आणि किंगिबेचं बोला ना. १९९३ च्याच नोव्हेंबरात जनरल आबाचाने सत्ता घेतली तर हा जोडीदार सरळ त्याचा परराष्ट्रमंत्री!

चष्मिष:
किंगिबेचं खरं आहे. आबिओलाच्या माणसांना सुरुवातीला वाटत होतं की आबाचा खुर्ची काढून याला देईल, भाबडेपणा म्हणा नाहीतर हाव म्हणा. पण दावा सोड, बाहेर ये, असं सांगत होते आणि हा सोडत नव्हता, हे पण खरं ना? बायको कुदिरातला ४ जून १९९६ ला लेगोसमध्ये गोळ्या घातल्या, तरी नाही सोडला. कंत्राटदार एवढं ताणत नाही हो, तो नुकसान बघून तडजोड करतो.

केरूची नात:
मुद्दा वेगळा आहे पण राहवत नाही. आबिओलाचं एक नाव काशिमावो, म्हणजे 'बघू या जगतो का'. बापाचं तेविसावं मूल, आधीची सगळी गेलेली. पंधरा वर्षांचा होईपर्यंत धड नाव ठेवलं नाही म्हणतात. वाचून अंगावर काटा आला, कारण माझ्या आजीचं नाव केरूबाई. आधीची चार गेली म्हणून तिला केरात ठेवून पायलीभर जोंधळ्यावर परत 'विकत' घेतली होती.

जुना लेगोसकर:
योरुबांत त्याला आबिकू म्हणतात. तेच पोर परत परत जन्माला येतं आणि परत परत जातं अशी समजूत. मग नावंच तशी: मालोमो म्हणजे परत जाऊ नकोस, कोकुमो म्हणजे आता मरणार नाही. आणि कोसोको, म्हणजे कुदळच नाही! खड्डा खणायला कुदळ नाही, तर मरून जाशील कुठे.

तिरकस:
आपल्याकडचे धोंडू, दगडू, भिकू त्यातलेच. माझे चुलत आजोबा नथू, मुलगी समजून यम फसावा म्हणून नाक टोचलेले. पण विषय आबिओलाचा चाललाय!

केरूची नात:
चालू दे. पण माझं ऐका. आजीच्या सातबाऱ्यावर केरूबाई, आधारवर केराबाई, मृत्यूच्या दाखल्यावर किरण! एका कार्यालयात मला विचारतात, या तीन बायका कोण? मी म्हटलं एकच, तर म्हणे सिद्ध करा. दोन वर्षं वारसनोंद अडकलीय. ज्या बाईला नावामुळे यमाने सोडलं तिला तलाठी सोडत नाही.

चष्मिष:
किरण कुणी लिहिलं पण?

केरूची नात:
माझ्या काकाने. केरू म्हणायची लाज वाटली त्याला.

तिरकस:
लाज कसली त्यात!! आमच्यात पण एकाने नथूचं नितीन केलं, कानफटात द्यायला हवी होती. असो. आबिओला ७ जुलै १९९८ ला अमेरिकन शिष्टमंडळासमोर चहा पिता पिता कोसळला, आबाचा मरून महिना नव्हता झाला. बाहेरच्या डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला, लेगोसमध्ये मात्र तो चहा अजून कोणी विसरलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की मेला म्हणून आधीचं धुतलं जात नाही.

जुना लेगोसकर:
धुतलं कोण म्हणतंय? २०१८ ला १२ जून लोकशाही दिन केला तो पण तेव्हाच्या अध्यक्ष बुहारीने, जो स्वतः एकेकाळचा लष्करशहा. आणि २०२५ ला बाबांगिडाने आत्मचरित्रात लिहिलं की निवडणूक आबिओलाच जिंकला होता.

तिरकस:
३१ वर्षांनी! बरं बाबा, जिंकला होता. ८३ लाख माणसं मूर्ख नव्हती. खूश? कंत्राटदार मात्र होताच.

चष्मिष:
तो कोसोको, त्या नावाचा लेगोसचा राजाच होता ना?

जुना लेगोसकर:
होता. इंग्रजांनी १८५१ मध्ये हाकलला. केरूबाईंच्या नोंदीचं पुढे काय झालं?

केरूची नात:
सोमवारी परत प्रतिज्ञापत्र. यावेळी काकाला घेऊन जातेय.