मदत हवी आहे: मारुती 800 ची पेट्रोल लाइन गंजून गळतेय, तुकडा बदलू की अख्खा पाइप?

नमस्कार मंडळी,

गाडी मारुती 800, 2004 चं मॉडेल, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी). आईबाबा मालवणला असतात आणि गाडी त्यांच्याकडेच, बाजार, डॉक्टर, कधीतरी कुडाळ स्टेशन, एवढंच रनिंग. इंजिन अजून एक नंबर आहे. पण गणपतीत गेलो तेव्हा सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास यायचा, बाबा म्हणायचे टाकी फुल केली की येतो, मला काही ते पटेना म्हणून रात्री खाली पुठ्ठा सरकवून ठेवला तर सकाळी टाकीच्या जरा पुढे ओला डाग.

खाली झोपून टॉर्च मारून बघितलं. टाकीकडून इंजिनकडे तीन लोखंडी पाइप बाजूबाजूने जातात, एक पेट्रोलचा, एक रिटर्नचा, एक वाफेचा, आणि ते क्लिपांनी बॉडीला धरलेत. या क्लिपांमध्ये तांबडी माती गच्च बसलीय, वरून वाळलेली वाटते पण नखाने उकरली तर आत ओलीच. ती काढली तर पेट्रोलच्या पाइपाचा पापुद्राच हातात आला आणि तिथे एक थेंब जमायला लागला. मोकळ्या भागात नुसता वरवरचा गंज आहे, पण जिथे जिथे क्लिप तिथे पाइप खाल्लाय. खारा वारा आणि चार महिने पाऊस, दुसरं काय होणार.

गाडी तेव्हापासून उभी आहे, बॅटरीची वायर काढून ठेवलीय. आजूबाजूला विचारलं तर एक मेकॅनिक म्हणाला खराब तुकडा कापून मध्ये रबरी पाइप घालू आणि दोन क्लिपा आवळू, दुसरा म्हणाला फ्रिजवाल्याकडचा तांब्याचा पाइप आणा मी टाकून देतो, तिसऱ्याने सरळ एमसील लाव म्हणून सांगितलं. गाडीत आईबाबा बसणार आहेत, त्यामुळे खर्च थोडा जास्त झाला तरी चालेल पण काम पक्कं पाहिजे. ज्यांनी हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी प्लीज सांगा.

जुनीगाडी_कोल्हापूर:
दादा, एमसीलचा विषयच सोडा, पेट्रोलमध्ये आणि हादऱ्यात ते टिकत नाही. तुमची एमपीएफआय म्हणजे पंप टाकीत, म्हणजे पुढची अख्खी लाइन साधारण अडीच-तीन बार प्रेशरखाली. कार्ब्युरेटरवाल्या 800 ला पंप इंजिनवर असायचा, लाइनीतून नुसतं खेचलं जायचं, बारीक भोक पडलं तर हवा ओढायची आणि सकाळी स्टार्टिंगला त्रास द्यायची. तुमच्या गाडीत तेच भोक फवारा मारेल, आणि तापलेला सायलेन्सरचा पाइपही खालूनच जातो.

तुकडा घालून भागणार नाही कारण आज गळणाऱ्या क्लिपच्या पुढच्या क्लिपखाली तेच चालू आहे. तिन्ही पाइप टाकी ते इंजिन बदला. साधा तांब्याचा नको, हादऱ्याने कडक होत जातो आणि टोकापाशी तडकतो. तांबं-निकेलचा मिळाला तर उत्तम, हाताने वाकतो, खाऱ्या हवेत गंजत नाही. नाहीतर कोटिंगवाला नवीन स्टील पाइप घ्या. जुना पाइप शक्यतो अख्खा उतरवा, वाकवायला तोच नमुना. आणि जिथे रबरी होज चढतो तिथे टोकाला गोल कंगोरा काढून घ्याच, गुळगुळीत टोकावरून होज प्रेशरने निसटतो.

रानवाटा:
वरच्याशी सहमत. होज घेताना अंगावर एसएई 30आर9 छापलेलं बघा, 30आर7 हा कमी प्रेशरचा, दुकानदार बिनधास्त तोच देतात. आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतंय आणि 2004 च्या गाडीचं रबर तेवढं इथेनॉल धरून बनवलेलं नाही, तेव्हा एवढं उघडताय तर एकही जुना होज ठेवू नका. क्लिप एमपीएफआयच्या होजची, सपाट पट्टीची, खाचावाली जुबली क्लिप रबर कापते.

खोलायच्या आधी प्रेशर उतरवायला हवं. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, पण तुमची लाइन गळतेय त्यामुळे इंजिन चालूच करू नका, इतके दिवस उभी आहे म्हणजे प्रेशर बरंच उतरलं असेल, तरी जोड सोडताना कापड गुंडाळून हळू सोडायला सांगा. काम उघड्यावर, जवळपास वेल्डिंग नको, गरम होणारा बल्बवाला हँडलॅम्प नको. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून कोणी खाली शिरू देऊ नका, घोड्या (लोखंडी स्टँड) लावा.

धागाकर्ता:
खूप आभार दोघांचे. तिन्ही पाइप बदलायचं नक्की केलं, गाडी टो करूनच नेणार. टाकीकडचे नट पार गंजलेत, रस्टोलिन (गंज सोडवणारं तेल) मारून ठेवलंय. टाकी न उतरवता होईल का काम? आणि कुडाळ-सावंतवाडीकडे पाइपाची टोकं करून देणारं कोणी आहे का?

जुनीगाडी_कोल्हापूर:
टाकी उतरवाच, पेट्रोल आधी काढून. वरच्या बाजूचे होज खालून दिसतच नाहीत आणि टाकीचा वरचा पत्राही बघून होईल, तिथेही माती बसते. नटाला साधा पाना लावला तर कडा जातात, ब्रेक पाइपचा फ्लेअर पाना (नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरतो तो) वापरायला सांगा. टोकांसाठी हायड्रॉलिक होज किंवा ब्रेक पाइप बनवणाऱ्यांकडे विचारा, तिकडे नाहीच जमलं तर जुने पाइप घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात या. बसवून झाल्यावर इंजिन चालू करायच्या आधी नुसती चावी ऑन-ऑफ करून प्रेशर भरू द्या आणि प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवून बघा.